जुन्या लॅपटॉपची फोटो फ्रेम कोणी केली आहे का?

निळीशाई
घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे. पंधरा इंची, चौकोनी स्क्रीन (१०२४×७६८), रॅम ५१२ एमबी, हार्ड डिस्क ४० जीबी, वर विंडोज एक्सपी. उजवी बिजागरी तुटली आहे, चार-पाच कळा चालत नाहीत, बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. पण स्क्रीन लख्ख आहे, एक डाग नाही. मोडीत द्यायचा धीर होत नाही.

आईला फोटो बघायला मनापासून आवडतात. फोनवर मात्र तिला ते जमत नाही. बोट लागलं की फोटो सरकतो, नाहीतर मोठा होऊन नुसता कुणाचा तरी खांदा दिसतो, तेवढ्यात कॉल येतो. मग ती फोन परत देते, "राहू दे, नंतर बघते." गेल्या काही वर्षांतले जवळजवळ सगळे फोटो तिने असेच अर्धवट पाहिले आहेत.

म्हणून या लॅपटॉपची भिंतीवर टांगायची फोटो फ्रेम करायची आहे. अट एकच. आईने एक बटण दाबायचं आणि फोटो सुरू व्हायचे. पासवर्ड नको, माउस नको, 'अपडेट उपलब्ध आहे' अशी चौकट नको. सोल्डरिंग मला थोडंफार येतं, लिनक्स एकदा टाकून पाहिलं आहे. कोणी हे केलं असेल तर कुठे अडलं ते सांगा.

टकटक
केलं आहे. दोन दिवसांचं काम. पहिल्या दिवशी यंत्र, दुसऱ्या दिवशी फोटो. दुसरा दिवस जास्त लांबतो.

अवकाळी
ताई, नाउमेद करायचं नाही, पण हिशोब बघा. एवढा जुना लॅपटॉप नुसता फोटो दाखवतानाही ३० वॅटच्या आसपास खातो. रोज १४ तास धरले तर महिन्याला साडेबारा युनिट. वर पंख्याचा आवाज, हार्ड डिस्कची किरकिर. त्यापेक्षा एखादा जुना टॅबलेट स्टँडवर ठेवा. अँड्रॉइडमध्ये २०१२ पासून, म्हणजे ४.२ आवृत्तीपासून, चार्जिंगला लावल्यावर फोटो दाखवणारा स्क्रीनसेव्हर आहेच.

रविवारची_दुपार
टॅबलेटचा अनुभव माझ्याकडे आहे, म्हणून लिहिते. सासूबाईंसाठी केला होता. पहिले सहा महिने सुरेख चालला. तीन गोष्टींनी घात केला.

पहिली म्हणजे स्क्रीन. दहा इंच हातात मोठे वाटतात. खोलीच्या पलीकडून, सत्तरीतल्या डोळ्यांना, ते पोस्टकार्ड आहे.

दुसरी गोष्ट, आम्ही फोटो गूगल फोटोजमधून आपोआप येतील अशी सोय केली होती. ३१ मार्च २०२५ पासून बाहेरच्या अ‍ॅपना तुमचा पूर्ण संग्रह वाचू देणं गूगलने बंद केलं. एका सकाळी फ्रेम रिकामी! सासूबाईंना वाटलं, आपल्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं. दिवसभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

तिसरी आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे बॅटरी. कायम चार्जरला लावलेली बॅटरी फुगली आणि काच एका बाजूने उचलली गेली. आवरण आणि काच यांच्यात नख जाईल एवढी फट. धूळ पुसताना हाताला लागली म्हणून कळलं.

निळीशाई, तुमच्या लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर आजच काढून ठेवा.

तांब्याची_तार
रविवारची_दुपार यांच्या शेवटच्या ओळीखाली माझी सही. भिंतीवर टांगलेल्या, कोणी लक्ष न देणाऱ्या वस्तूत लिथियम बॅटरी नको. काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, टोचू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. मात्र आधी बॅटरीशिवाय लॅपटॉप चालू होतो का ते पाहा. बहुतेक होतात. काही मॉडेल बॅटरी नसली की प्रोसेसरचा वेग उतरवतात. फोटो दाखवायला तेवढा वेग पुरतो.

आता मूळ प्रश्न. रस्ते दोन आहेत.

एक, लॅपटॉप अख्खा ठेवायचा. स्क्रीन बिजागरीतून सोडवून उलटी फिरवायची आणि यंत्राच्या पाठीला पाठ लावून बसवायची. जाडी चार-पाच सेंटीमीटर होते, पण नवीन काही लागत नाही.

दोन, फक्त पॅनेल ठेवायचं. त्याच्या पाठीवर लेबल असतं, त्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्यायचा, त्याच पॅनेलसाठी प्रोग्राम केलेला कंट्रोलर बोर्ड (पॅनेलला चित्र पोहोचवणारा) घ्यायचा आणि मागे रास्पबेरी पाय झिरो २ (हा एक इवलासा कॉम्प्युटर) जोडायचा. त्याचीही रॅम ५१२ एमबीच आहे. जाडी दोन सेंटीमीटर, आवाज शून्य. पॅनेल एलईडीवालं असेल तर एकूण वीज नऊ-दहा वॅट, म्हणजे अवकाळी यांच्या हिशोबाने महिन्याला चारेक युनिट.

पण तुमचा लॅपटॉप एक्सपीच्या काळातला आहे. त्याच्या स्क्रीनमागे एलईडी नसणार, सीसीएफएल म्हणजे बारीक ट्यूबलाइट असणार. तिला इन्व्हर्टर लागतो. स्क्रीनखालची ती लांबुडकी, बोटभर रुंदीची पट्टी. पेटताना ती ट्यूबला हजार व्होल्टच्या वर दाब देते, पेटल्यावरही काहीशे व्होल्ट असतात. चालू असताना तिथे बोट नको. ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, त्यामुळे ती फुटू देऊ नका.

पहिल्यांदाच करताय, तर माझं मत पहिल्या रस्त्याला.

जुना_गडी
एक्सपीवर थांबलात तरी चालेल असं मला वाटतं. 'माय पिक्चर्स स्लाइडशो' नावाचा स्क्रीनसेव्हर त्यात मुळातच आहे. वाय-फाय बंद ठेवा, फोटो पेन ड्राइव्हने घाला. मी तसंच केलं आहे.

टकटक
काका, नेटला जोडणारच नसाल तर ठीक. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला संपली. मुलं-नातवंडं बाहेरून फोटो पाठवणार असतील तर लिनक्सच.

प्रोसेसर ३२-बिट असेल, त्यामुळे लिनक्सपैकी डेबियन १२ घ्या. १३ मध्ये ३२-बिट इन्स्टॉलर नाही. डेस्कटॉप टाकूच नका. नुसतं एक्स (लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र आणणारा भाग) आणि फेह. फेह हा अगदी छोटा फोटो दाखवणारा प्रोग्राम आहे: पूर्ण स्क्रीन, फोटोंचा क्रम, किती सेकंदांनी बदलायचा, सगळं एका ओळीत सांगता येतं. लॉगिन आपोआप, लॉगिन झालं की एक्स, एक्स आलं की फेह. कर्सर लपवायला अनक्लटर. फोटोंची देवाणघेवाण सिंकथिंगने करा. घरातल्या फोनमधला एक फोल्डर थेट फ्रेमवर येतो, मध्ये कुठली कंपनी नाही, त्यामुळे कुणी नियम बदलायचा प्रश्न नाही.

फोटो आधी लहान करा! फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०००×३००० असतो. डिस्कवर तो तीन-चार एमबी दिसतो, पण उघडल्यावर एका पिक्सेलला चार बाइट धरून मेमरीत ४८ एमबी घेतो. तुमच्या स्क्रीनला एक मेगापिक्सेलसुद्धा लागत नाही. इमेजमॅजिकने सगळे १०२४×७६८ मध्ये बसवा, त्याच वेळी ऑटो-ओरिएंट लावा. नाहीतर उभे फोटो आडवे पडतील. कॅमेरा फोटो फिरवत नाही, फाइलमध्ये १ ते ८ पैकी एक आकडा लिहून ठेवतो, 'मला असा फिरवून दाखव' म्हणून. जुने प्रोग्राम तो आकडा वाचत नाहीत.

भिंगरी_७
आयफोनवाले नातेवाईक असतील तर आणखी एक. २०१७ पासून त्यांचे फोटो हेइक प्रकारात येतात. ते जेपीजी करून घ्यावे लागतील.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. बॅटरी काढली (फुगायला लागलीच होती, कडेला हलका फुगवटा). बॅटरीशिवाय चालू होतो. पहिला रस्ता धरते.

सुईदोरा
मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण चित्रं फ्रेम करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून थोडं लिहिते.

लॅपटॉपची काळी कड उघडी ठेवू नका. ती दिसली की यंत्र टांगल्यासारखं वाटतं. जाड माउंट बोर्ड घ्या, शुभ्र नको, किंचित पिवळट घ्या, आणि खिडकी स्क्रीनच्या दिसणाऱ्या भागापेक्षा प्रत्येक बाजूने दोन मिलिमीटर लहान कापा. कड ४५ अंशांत कापली की स्क्रीन आत बसल्यासारखी दिसते. कोपऱ्यात पातं दोन मिलिमीटर पुढे जाऊ द्या, नाहीतर कोपरा फाटतो. वरची काच टाळा. स्क्रीनवर आणखी एक चकाकी कशाला? आणि लाकडी चौकटीला मागून फळी ठोकू नका, यंत्राला श्वास घ्यायला जागा हवी. खाली आणि वर दोन्हीकडे फट ठेवली तर गरम हवा आपोआप वर निघून जाते.

वजन किती आहे? अडीच-तीन किलो असेल तर एका खिळ्यावर टांगू नका. दोन टोकांना दोन स्क्रू.

अवकाळी
सुईदोरा, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझं 'टॅबलेट घ्या' मागे घेतो. विजेचा मुद्दा मात्र कायम आहे. निदान रात्री बंद ठेवा.

टकटक
रात्री दहाला स्क्रीन बंद, सकाळी सातला चालू, ही वेळ लावून ठेवता येते. आणि हार्ड डिस्कची किरकिर नको असेल तर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावा. ते आयडीई (जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीचा प्रकार) डिस्कसारखंच बोलतं, मध्ये साधा अडॅप्टर पुरतो.

निळीशाई
आठ दिवसांनी परत आले आहे, एक प्रश्न घेऊन. टेबलावर सगळं मस्त चाललं. डेबियन, फेह, फोटो छोटे केलेले, बटण दाबल्यापासून सव्वा मिनिटात पहिला फोटो. मग स्क्रीन सोडवली, उलटी फिरवून यंत्राच्या पाठीला लावली आणि स्क्रीन काळी! स्क्रीन दोन बोटं वर उचलली की उजेड, टेकवली की अंधार. केबल तीन वेळा काढून बसवली. कुठे दाबली जात नाही, घडी पडलेली नाही. कालची संध्याकाळ यातच गेली. पॅनेल खराब झालं का?

तांब्याची_तार
पॅनेल ठणठणीत आहे. चुंबक शोधा.

स्क्रीनच्या कडेत एक छोटं चुंबक असतं आणि कीबोर्डच्या बाजूला, प्लास्टिकखाली, ते ओळखणारा सेन्सर. झाकण मिटलं की चुंबक सेन्सरवर येतं आणि लॅपटॉपला कळतं की आता झोपायचं. तुम्ही स्क्रीन पाठीला लावलीत, चुंबक मागच्या बाजूने त्याच सेन्सरसमोर आलं. दोन बोटं उचलली की अंतर वाढतं, म्हणून उजेड.

बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रीनच्या कडेवरून फिरवा. जिथे हलकेच ओढलं जाईल तिथे ते आहे.

टकटक
झाकण मिटल्यावर काहीच करू नकोस असं लिनक्सला लॉगिन-डीच्या सेटिंगमध्ये सांगता येतं. पण काही जुन्या यंत्रांत बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) स्वतःच स्क्रीनचा दिवा विझवतो, तिथे लिनक्सचं काही चालत नाही. त्यामुळे चुंबक काढणं हाच खात्रीचा उपाय.

निळीशाई
सापडलं!! डावीकडे, वरच्या कोपऱ्यापासून चार बोटांवर. तांदळाच्या दाण्याएवढं, गोंदाने चिकटवलेलं. चिमट्याने काढलं आणि स्क्रीन टेकवली. उजेड तसाच. तांब्याची_तार, दंडवत घ्या.

जुना_गडी
वा! माझ्या एका लॅपटॉपला हाच आजार होता आणि मी तो 'स्क्रीन गेली' म्हणून देऊन टाकला. आज कळलं.

तांब्याची_तार
आता उघडलंच आहे तर दोन गोष्टी करून टाका. मदरबोर्डवर सीआर२०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. मुख्य बॅटरी काढल्यामुळे घड्याळ आता पूर्ण त्याच्यावर आहे. तो संपला की तारीख मागे जाते आणि चालू होताना बायोस 'एफ१ दाबा' म्हणून थांबून राहतो. तुमच्या फ्रेमला कीबोर्डच नसणार. नवा घालून टाका.

दुसरं, पॉवर बटण. यंत्र उलटं लावल्यावर ते आत जातं. ते साधं दोन टोकांचं बटण असतं, क्षणभर जोडायचं नि सोडायचं. दोन तारा बाहेर आणून चौकटीच्या खालच्या कडेला मोठं बटण बसवा. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की नीट बंद. भिंतीवरच्या स्विचने बंद करू नका, बॅटरी नसल्यामुळे मधेच वीज तुटते आणि फाइल सिस्टिम बिघडते.

आणि वाय-फायच्या अँटेना स्क्रीनच्या कडेने गेलेल्या असतात, त्या दोन बारीक तारा ओढू नका.

भिंगरी_७
फ्रेम कुठे टांगणार? उंचावर टांगणार असाल तर आधी हातात धरून खालून बघा. त्या काळातली बहुतेक पॅनेलं टीएन प्रकारची. समोरून छान, पण खालून पाहिलं की चेहरे काळवंडतात, निगेटिव्हसारखे दिसतात. आम्ही टांगल्यावर हे कळलं. उपाय सोपा आहे: पॅनेल उलटं बसवायचं, डोकं खाली, आणि चित्र १८० अंशांत फिरवायचं. मग खालून बघणाऱ्याला पॅनेलची वरची बाजू मिळते. रंग थोडे फिके, पण चेहरे चेहऱ्यासारखे.

उभी फ्रेम मात्र करू नका. टीएन पॅनेल उभं केलं की डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगळा रंग दिसतो, बघताना डोकं जड होतं.

निळीशाई
भिंगरी, हे वाचलं नसतं तर उंच टांगली असती. आई खुर्चीत बसून बघणार, म्हणून तिला खुर्चीत बसवलं, तिच्या नजरेच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने खूण केली. ती विचारत होती काय मोजतेस, सांगितलं नाही.

रविवारची_दुपार
फोटो किती घातलेत? आणि किती सेकंदांचा?

निळीशाई
२,३०० फोटो, १० सेकंद. कमी-जास्त?

टकटक
१० ठीक.

अवकाळी
३०. दहा सेकंदांनी सतत काहीतरी हलल्यासारखं वाटतं, डोळा तिकडेच जातो.

जुना_गडी
माझ्याकडे पाच मिनिटं आहेत आणि कोणी तक्रार केलेली नाही.

सुईदोरा
भिंतीवरचं चित्र लोक मिनिटभरही सलग बघत नाहीत, पण दिवसातून वीस वेळा बघतात. त्या वीस वेळांत ते तिथे असायला हवं ना? मी तर म्हणेन दिवसाला एक.

रविवारची_दुपार
सेकंदांइतकाच आकडाही महत्त्वाचा. २,३०० मध्ये एकाच क्षणाचे सात-सात फोटो असतात, पावत्या असतात, गाडी लावली त्या खांबाचा नंबर असतो. मी सासूबाईंच्या शेजारी बसून निवडले. चाळीसेक दिवस, रोज अर्धा तास. २१० उरले. ज्या फोटोवर त्या काही बोलल्या तो ठेवला. मी निवडले असते तर वेगळेच निवडले असते. मला सुंदर वाटलेला समुद्राचा फोटो त्यांनी बघितलाही नाही, आणि एका धूसर, हललेल्या फोटोवर त्या दहा मिनिटं बोलल्या, कारण मागे त्यांच्या बहिणीचा हात दिसत होता.

निळीशाई
फ्रेम लागली. आज बारा दिवस झाले. सगळ्यांना उत्तर द्यायचं म्हणून सविस्तर लिहिते.

चौकट सुईदोरांच्या मापाने केली. पहिल्या माउंट बोर्डचे दोन कोपरे फाटले, दुसरा साधला. बटण खालच्या कडेला, उजवीकडे, रुपयाएवढं, हिरवं. ट्यूब जुनी असल्यामुळे सकाळी चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं चित्र जरा गुलाबीसर दिसतं, मग स्थिरावतं. पंखा अधूनमधून फिरतो. आईला त्याचा आवाज येत नाही, मला येतो.

पहिल्या दिवशी १० सेकंद ठेवले होते. आई खूश होती, पण अर्ध्या तासाने थकली. मी विचारलं तर म्हणाली, "ओळखेपर्यंत जातात गं." तिला चेहरा दिसायला वेळ लागतो, दिसल्यावर तो कुठला, कधीचा हे आठवायला आणखी वेळ. दहा सेकंदांत ती अर्ध्यात असायची. फोनवर जे होत होतं तेच मी मोठ्या स्क्रीनवर भिंतीला लावून ठेवलं होतं.

मग ३० केले. मग दोन मिनिटं. मग रविवारची_दुपार यांचं ऐकून तिच्या शेजारी बसले. अजून निवडतोय, आतापर्यंत ६४ झालेत. आता फोटो तासाने बदलतो.

एक गोष्ट मात्र अडली आहे. कधीकधी तिला तो एकच फोटो ठेवायचा असतो. परवा मामाचा सायकलवरचा फोटो आला, जुना, कोपरा दुमडलेला, मी स्कॅन केलेला. बरोबर तासाने तो गेला, तेव्हा ती चौकटीवर हात ठेवून उभी होती. थांबवायचं बटण देता येईल का?

टकटक
येईल, आणि सोपं आहे. फेहमध्ये थांबवणं-चालू करणं एका कळीवर असतं, ती कुठली हे तुम्हाला ठरवता येतं. यूएसबीचा आकडेवाला छोटा कीपॅड घ्या, त्यातल्या एन्टरला ते काम द्या. कीपॅड उघडून एन्टरच्या दोन टोकांना तारा जोडल्या की हिरव्या बटणाशेजारी दुसरं बटण बसेल.

तांब्याची_तार
दुसरं बटण रंगानेच नाही, आकारानेही वेगळं ठेवा. हिरवं गोल आहे, हे चौकोनी घ्या. बोटालाही कळलं पाहिजे. आणि दोन्हींत चार बोटं अंतर, म्हणजे थांबवायला जाऊन बंद होणार नाही.

सुईदोरा
चौकटीला भोक पाडताना पुढून पाडा, मागे लाकडाचा तुकडा धरा. मागून पाडलंत तर पुढचा पॉलिश उडेल.

निळीशाई
झालं. पिवळं, चौकोनी, डावीकडे. आईला दाखवलं: हे दाबलं की थांबतो, परत दाबलं की पुढे जातो. तिने दोनदा दाबून खात्री केली.

काल दुपारी मामाचा फोटो आला, तेव्हा दाबलं. अजून तोच आहे. सायकलच्या मागे अर्धवट दिसणारी मुलगी ती स्वतः आहे, असं आज सकाळी म्हणाली. मी तो फोटो इतक्या वेळा पाहिला, स्कॅन केला, पण ती मुलगी मला दिसलीच नव्हती.

रविवारची_दुपार
मोठा करून इथे नको, पण त्यांना द्या. स्क्रीनभर फक्त तो कोपरा.

निळीशाई
आत्ताच कापून फोल्डरमध्ये टाकला. पासष्टावा.